जुन्या वुड स्टोव्हचा डॅम्पर: व्हर्मॉन्टमधलं एक प्रकरण

वुड स्टोव्ह म्हणजे लाकडावर घर तापवणारी बिडाची बंद शेगडी. तिच्या धुराच्या वाटेवरचं झाकण, म्हणजे डॅम्पर, बिघडला की माणसं दोनपैकी एक काहीतरी करतात. पैसे हाताशी असतील तर स्टोव्ह बदलतात, नसतील तर बिघाडाशी जमवून घेतात. या घरात काही हिवाळे जमवून घेणं चाललं होतं, आणि त्या जमवून घेण्यानेच मूळ बिघाड झाकून ठेवला. घर अमेरिकेच्या ईशान्येला, व्हर्मॉन्ट राज्यातलं. मालक माझा कॉलेजपासूनचा मित्र. दुरुस्ती आम्ही दोघांनी मिळून केली. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, धुराड्यांचा परवानाधारक जाणकार नाही. त्यामुळे धुराड्याच्या आतलं सगळं काम अधिकृत चिमणी-स्वीपकडून, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्या जाणकाराकडून, करून घेतलं, हे आधीच सांगून ठेवतो.

घर आणि स्टोव्ह

शंभरी ओलांडलेलं लाकडी दुमजली शेतघर. धुराडं विटांचं, आतून भाजलेल्या मातीच्या ८ इंची नळांचं अस्तर, आणि ते बांधलेलं घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून. घराच्या मधोमध असलेलं धुराडं उबदार राहतं. हे मात्र तीन बाजूंनी थंडी खातं. पुढच्या गोंधळात याचा मोठा वाटा आहे.

स्टोव्ह बिडाचा, सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आणि तेलावर घरं तापवणाऱ्या न्यू इंग्लंडमधल्या (व्हर्मॉन्ट ज्यात येतं त्या ईशान्येकडच्या राज्यांमधल्या) लोकांनी मोर्चा पुन्हा जंगलाकडे वळवला. त्या लाटेत सांधे सिमेंटने बुजवलेले, ‘हवाबंद’ म्हणून विकले जाणारे बिडाचे स्टोव्ह घरोघरी आले. लाकडाच्या स्टोव्हमधून किती धूर निघावा याची देशभरासाठी मर्यादा ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, घातली ती १९८८ मध्ये. हा स्टोव्ह त्याच्या बराच आधीचा, त्यामुळे प्रमाणपत्र वगैरे काही नाही.

याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाठीमागे, खालच्या बाजूला, हवा आत घेणारी एक लहान झडप आहे. ती साखळीने एका द्विधातूच्या, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून केलेल्या, गुंडाळीला टांगलेली असते. स्टोव्ह तापला की गुंडाळी उलगडते, साखळी सैल पडते, झडप मिटते. आग किती मोठी, हे ही झडप ठरवते. दुसरी सोय म्हणजे डॅम्पर. आगीच्या खोलीच्या मागच्या भिंतीत वरच्या बाजूला बिडाची चौकट आणि तिच्यावर टेकणारं बिडाचं झाकण. बाहेरचा दांडा फिरवला की झाकण उघडतं किंवा मिटतं. उघडं असताना धूर आगीवरून थेट पाइपात जातो. आपल्या तांब्याच्या बंबात जाळ मधल्या नळीतून सरळ वर निघतो ना, अगदी तसा. झाकण मिटलं की ती वाट बंद होते. मग धुराला खाली उतरून, बाजूच्या भोकातून, मागच्या पोकळीत वळसे घेत जावं लागतं. वाटेत थोडी गरम हवा मिसळते, न जळलेले वायू तिथे पेट घेतात आणि बीड ती उष्णता पिऊन घेतं.

म्हणजे डॅम्परचं काम वाट बदलायचं. आग लहान करायचं काम त्याच्याकडे नाहीच.

या स्टोव्हला तिसरी सोयही होती, आणि ती कारखान्याने दिलेली नव्हती. आधीच्या मालकाने स्टोव्हच्या वरच्या पाइपात एक फिरती चकती बसवली होती. बाजारात मिळणाऱ्या अशा चकत्या बिडाच्या असतात आणि त्यांना मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, म्हणजे पूर्ण आडवी केली तरी थोडा धूर जातोच. ही चकती पत्र्याची, घरी कापलेली, बिनभोकाची होती.

तक्रार

पहिल्या हिवाळ्यापासून मित्राचं एकच रडगाणं होतं, लाकूड पुरत नाही. डॅम्पर मिटला तरी आग धडधडत राहायची. रात्री झोपताना भरलेला स्टोव्ह मध्यरात्र उलटून थोडा वेळ गेला की रिकामा. शुगर मेपलची किंवा ॲशची कोरडी लाकडं भरली, तर एवढ्या आकाराच्या स्टोव्हमध्ये सकाळी लाल निखारे मिळायला हवेत. पाइपावर चुंबकाने चिकटवलेला तापमापक होता. डॅम्पर मिटल्यावर त्याचा काटा खाली यायला हवा, कारण उष्णता आता पाइपाऐवजी बिडात जाते. काटा जागचा हलत नव्हता. कधी कधी वरच चढायचा.

ओळखीतल्या कुणीतरी तोडगा सुचवला, पाइपातली चकती आडवी कर. केली. आग मंदावली, काटा खाली आला, लाकूड पुरायला लागलं. घरात सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

मग हळूहळू दुसऱ्या तक्रारी सुरू झाल्या. दार उघडलं की धूर तोंडावर. पहाटे घरभर डांबरासारखा वास. शेवटी जानेवारीतल्या एका पहाटे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. घरात तेव्हा साताऱ्याहून आलेले मित्राचे आईवडीलही होते. सगळे बाहेर गाडीत जाऊन बसले, अग्निशमन दलाने येऊन हवा मोजली, खिडक्या उघडल्या, निखारे बाहेर काढले. कुणाला काही झालं नाही.

त्याच आठवड्यात स्वीप आला. धुराड्याच्या वरच्या टोकाला त्याला काळा, चकचकीत, काचेसारखा क्रिओसोटचा थर मिळाला. क्रिओसोट म्हणजे न जळलेला धूर थंड भिंतीवर थिजून बसतो तो. आधी ती भुसभुशीत काजळी असते, मग खरखरीत पोपडे होतात, आणि वारंवार तापून-थिजून शेवटी हा काचेसारखा थर होतो. तो ब्रशने निघत नाही आणि पेटला तर धुराडंच भट्टी होतं. स्वीपने फिरत्या साखळ्यांनी तो उतरवला, कॅमेरा सोडून मातीचे नळ तपासले. तडा नव्हता. जाताना त्याने सल्ला दिला, डॅम्पर गेलाय, नवीन स्टोव्ह घ्या.

वहिनींनी तिथेच फर्मान काढलं, कारण कळेपर्यंत काडी पेटवायची नाही. तेलाचा बॉयलर होता, त्यावर घर चाललं. या एका निर्णयामुळे आम्हाला घाई न करता काम करता आलं. थंडीत स्टोव्ह पुन्हा पेटवायची घाई असली की लोक सिमेंट थापून मोकळे होतात.

दोन उलट्या तक्रारी

आधी ओढ, म्हणजे धुराड्याचा धूर वर खेचायचा जोर, जास्त, लाकूड पटकन जळतं. नंतर ओढ कमी, धूर घरात. एकाच स्टोव्हच्या दोन विरुद्ध तक्रारी ऐकल्या की स्टोव्हला दोन रोग झाले असं वाटतं. माझ्या मते रोग एक होता आणि दुसरा त्याच्या औषधाचा दुष्परिणाम.

आतला डॅम्पर नीट टेकत नसेल तर धुराला सरळ वाट मोकळीच राहते. पाइप तापतो, तापलेल्या पाइपाची ओढ वाढते, वाढलेली ओढ आणखी हवा आत खेचते, आग आणखी भडकते. काटा वर चढायचा तो यामुळे. पाइपातली चकती आडवी केली की ही साखळी तुटते खरी, पण ती भलत्या जागी तुटते. हवेच्या झडपेला हात न लावता धुराची बाहेर जायची वाट बंद केली. आग गुदमरली, धूर थंड झाला, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या त्या गारठलेल्या धुराड्यात शिरताच थिजायला लागला. धुराचं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हे थिजणं जोर धरतं.

पहाटेच्या अलार्मचं कारणही इथेच आहे. ज्वाळा विझून निखारे उरले की धूर दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण निखारे अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड भरपूर बनवतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो त्या याच वायूच्या. आणि नेमका त्याच वेळी पाइप थंड, ओढ सर्वांत कमी, वर बिनभोकाची चकती आडवी.

हा झाला तर्क. तो खरा असेल तर आतला डॅम्पर का टेकत नाही याचं उत्तर मिळायला हवं होतं.

थंड स्टोव्हवरच्या तपासण्या

एकही बोल्ट सोडवण्याआधी जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं ठरवलं. बिडाच्या जुन्या वस्तूचा एक स्वभाव असतो. उघडली की तिची मूळ स्थिती पुसली जाते, आणि मग काय हललं होतं ते कधीच कळत नाही.

रात्री दिवे घालवून स्टोव्हच्या आत प्रखर टॉर्च ठेवला आणि बाहेरून सांधे पाहिले. मागच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली, बाकी बरं होतं. दाराच्या कडेची फट बुजवायला बसवलेल्या दोरीची परीक्षा कागदाने. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायचं. खालच्या बाजूला पट्टी अलगद सुटून आली. दोरी दबून गेली होती. हवेच्या झडपेखाली राखेचा खडा अडकला होता, तो काढला. या बाबतीत एवढंच.

डॅम्परसाठी खडूची युक्ती केली. वर्कशॉपमध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे बघायला निळा रंग लावतात, इथे साधा फळ्याचा खडू चालला. चौकटीच्या काठावर सगळीकडे खडू घासला, दांडा फिरवून झाकण मिटलं, पुन्हा उघडून झाकणाची कड पाहिली. डावीकडे पांढरी रेघ स्पष्ट, वर अर्ध्यापर्यंत, आणि उजवीकडे एक कणही नाही. उजव्या फटीत फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पानं एकावर एक घालत गेलो. फट ५ मिलिमीटरच्या आसपास होती. झाकण जवळपास हातभर लांब. एवढ्या लांबीवर निमुळती होत जाणारी ५ मिलिमीटरची फट म्हणजे धुराला राजरस्ताच.

झाकण वाकलंय हे उघड वाटत होतं. स्वीपलाही तेच वाटलं होतं. बिजागरीच्या खाचेतून झाकण उचलून बाहेर काढलं, वायर ब्रशने साफ केलं आणि पोलादी पट्टी आडवी-उभी-तिरकी लावून पाहिलं. वाक मिलिमीटरभरही नव्हता. पंचेचाळीस हिवाळे आगीवर टांगलेल्या बिडाला हे फारच सरळ. म्हणजे दोष झाकणात नव्हता, ते ज्या चौकटीवर टेकतं ती चौकट हलली होती.

आरसा आणि टॉर्च घेऊन आतून पाहिल्यावर कळलं. चौकट मागच्या भिंतीला दोन बोल्टनी आणि सिमेंटच्या थराने धरलेली होती. उजव्या बोल्टचं डोकं जळून गेलं होतं. तिथे राहिली होती फक्त गंजाची टिकली. सिमेंट भुगा होऊन गळून गेलं होतं. चौकट उजवीकडून खाली आणि मागे सरकली होती. झाकण बिचारं जिथे पूर्वीपासून जायचं तिथेच जात होतं.

यात भर म्हणून बाहेरचा दांडा. मूठ ज्या सळईवर बसते तिची सपाट केलेली बाजू झिजून गोल झाली होती. मूठ शेवटचे काही अंश नुसतीच फिरायची. हाताला ‘बंद झालं’ असं जाणवायचं, आत झाकण अजून उघडंच.

चौकट का हलली, याचाही माग काढता आला. मागच्या भिंतीचं बीड मध्यभागी किंचित फुगलं होतं आणि त्यावर एक बारीक तडा होता. राखाडी बीड पुन्हा पुन्हा ४५०-५०० अंशांच्या वर तापलं की कायमचं थोडं फुगतं; ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या बाजूने ऑक्सिजन आत शिरतो आणि आतल्या आत गंज धरतो. म्हणजे कधीतरी, बहुधा बऱ्याच हिवाळ्यांत, हा स्टोव्ह लाल होईपर्यंत पेटवला गेला होता. फुगलेल्या भिंतीने बोल्ट ताणला, सिमेंट तोडलं, चौकट सुटली. चौकट सुटल्यावर डॅम्पर गळायला लागला, डॅम्पर गळल्यावर आग आणखी भडकायला लागली. सुरुवात कुठून झाली ते आता सांगता येणार नाही.

दुरुस्त करावं की टाकून द्यावं

यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. स्वीपचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ईपीएच्या आकड्यांप्रमाणे प्रमाणपत्र नसलेले जुने स्टोव्ह तासाला साधारण १५ ते ३० ग्रॅम धूळकण हवेत सोडतात. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हसाठी मर्यादा तासाला २ ग्रॅम आहे. ओरेगॉन राज्यात तर घर विकताना असा जुना स्टोव्ह काढून टाकावाच लागतो. दुसऱ्या बाजूला, नवीन स्टोव्ह आणि त्याच्यासाठी धुराड्यात स्टेनलेस स्टीलची नळी, हा खर्च त्या वर्षी मित्राला झेपणारा नव्हता.

आम्ही जो निकष लावला तो असा. मागच्या भिंतीचा तडा आरपार असेल किंवा धुराड्याच्या नळाला इजा असेल, तर स्टोव्ह भंगारात. फक्त चौकट आणि दांडा असेल, तर दुरुस्ती, पण तात्पुरती म्हणूनच. टॉर्चच्या उजेडात तडा आरपार नव्हता. नळ धड होते. घरच्या विम्याच्या कंपनीला लेखी विचारलं. त्यांनी स्वीपचं तपासणी-पत्र मागितलं, ते दिलं.

उघडणं

स्टोव्हचं वरचं झाकण आणि मागची भिंत यांच्या सांध्यात जुनी राखाडी दोरी होती. त्या काळच्या स्टोव्हमध्ये दोरी, सिमेंट, पाठीमागचे तक्ते यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे तंतू, असू शकतं. बघून ओळखता येत नाही. म्हणून तिला हात लावण्याआधी पाण्याचा फवारा मारून ओली केली, चिमूटभर तुकडा पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवला आणि निकाल येईपर्यंत काम थांबवलं. ॲस्बेस्टॉस निघालं नाही. निघालं असतं तर ते काम आम्ही केलं नसतं.

डावा बोल्ट गंजात बसला होता. भेदक तेल पाजून रात्रभर ठेवला, सकाळी गॅसच्या टॉर्चने बोल्टच्या भोवतालचं बीड तापवलं आणि घट्ट-सैल, घट्ट-सैल करत काढला. सरळ सैल करत सुटलो असतो तर नक्की तुटला असता. उजव्याचं डोकं नव्हतंच. मधोमध पंच मारून उलट्या धारेच्या ड्रिलने भोक पाडायला घेतलं. उलटं ड्रिल चावलं की कधी कधी बोल्टच फिरून बाहेर येतो. हा आला नाही. शेवटी पूर्ण पोखरून काढला आणि भोकात पाव इंची, इंचाला २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला. बिडाला ड्रिल करताना तेल लागत नाही, त्याचा चुरा कोरडाच निघतो आणि ग्राफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं. पोलादाच्या सवयीने तेल घातलं तर काळा लगदा होऊन आटे भरून जातात.

बसवणं

चौकटीची बसायची जागा कानशीने आणि वायर ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ केली. भट्टीचं सिमेंट सोडियम सिलिकेटचं असतं. ते काजळीवर किंवा गंजावर धरत नाही. जागा ओली करून सिमेंटचा थर दिला, चौकट ठेवली आणि स्टेनलेसचे बोल्ट आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावून हातानेच आवळले. इथे पान्याला जोर लावायचा मोह होतो. तो टाळला, कारण बोल्टने घट्ट धरलेलं बीड तापल्यावर फुगायला जागा मागतं आणि जागा नाही मिळाली की तडकतं.

किती जागा, याचा हिशोब सोपा आहे. बीड दर अंशाला, दर मीटरला साधारण ०.०१ मिलिमीटर वाढतं. ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा ३०० अंशांनी तापला तर जवळपास १ मिलिमीटर लांब होतो. म्हणून झाकणाच्या बिजागरीच्या खुंट्यांना दोन्ही टोकांना मिळून दीड मिलिमीटर मोकळीक ठेवली. थंड असताना ते थोडं खुळखुळतं. खुळखुळू दे.

झाकणाची उजवी वरची कड किंचित उंच होती. काचेच्या तुकड्यावर एमरी कागद पसरून त्यावर झाकण घासून ती उतरवली. हातोडीने वाकवायचा विचारही करू नये, बीड वाकत नाही, तुटतं. मित्राचा आग्रह होता की चौकटीच्या काठाला दाराची दोरी चिकटवू, म्हणजे पक्कं बसेल. मी विरोध केला. या स्टोव्हमध्ये मूळ रचना धातूवर धातूची आहे. थेट ज्वाळेत दोरी चिकटून राहत नाही, आणि सुटलेली दोरी झाकणाखाली अडकली तर डॅम्पर अर्धवट मिटलेला राहील. उघडा अडकलेला डॅम्पर लाकूड खातो. मिटलेला अडकला आणि दार उघडलं तर घर धुराने भरतं. दोनपैकी कुठला धोका पत्करायचा, हे ठरवायला वेळ लागू नये.

दांड्यासाठी साधी पोलादी सळई कापून तिला दोन बाजू सपाट केल्या आणि मुठीचा स्क्रू थेट सपाटीवर येईल असा बसवला. मग खडूची परीक्षा पुन्हा. आता चारही कडांना रेघ उमटली. शेवटचा ताण असा लावला की मूठ बंद होण्याच्या जरा आधीच झाकण टेकतं आणि उरलेल्या अंतरात ते चौकटीवर दाबलं जातं. चारही बाजूंना कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली, पट्टी फाटली पण सुटली नाही.

दाराची दोरी बदलली, मागच्या कोपऱ्यातला सांधा बुजवला.

पाइपातल्या चकतीचा निकाल लावायचा राहिला होता. उंच धुराड्यांना फार ओढ असते तिथे अशी चकती उपयोगी पडते, त्यामुळे ती सरसकट वाईट म्हणता येत नाही. इथे गरज आहे का, हे मोजूनच ठरवायचं होतं. तोवर चकतीसकट पाइपाचा तो तुकडाच काढून सरळ पाइप घातला. पाइपाचं निमुळतं टोक खाली, स्टोव्हकडे, म्हणजे आतून काही ओघळलं तर ते स्टोव्हमध्ये परत जातं, सांध्यातून बाहेर येत नाही. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. बरेच जण पाइप उलटा लावतात कारण तसा तो दिसायला बरा दिसतो.

पेटवणं

सिमेंट दिवसभर वाळू दिलं. त्यानंतर काही छोट्या आगी, नुसत्या काटक्यांच्या, डॅम्पर उघडा ठेवून, आणि मध्ये स्टोव्ह पूर्ण थंड होऊ देऊन. सोडियम सिलिकेटमधलं पाणी एकदम उकळलं तर सिमेंट पावासारखं फुगतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

खऱ्या आगीच्या वेळी स्वीपही हजर होता. पाइपात नळी घालून ओढ मोजली. स्टोव्ह तापल्यावर ती १५ पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) आसपास स्थिरावली. लाकडाच्या स्टोव्हला साधारण १२ ते १५ पास्कल हवी असते, म्हणजे चकतीची गरज नव्हती. ती भंगारात गेली.

मग निखाऱ्यांचा चांगला थर झाल्यावर, पाइपाचा पृष्ठभाग २२०-२३० अंशांवर असताना, डॅम्पर मिटला. थोडा वेळ काही झालं नाही. मग काटा उतरायला लागला आणि १५० च्या जरा वर येऊन थांबला, त्याच वेळी स्टोव्हच्या बाजू तापत गेल्या. मागच्या पोकळीतून मंद घुमल्यासारखा आवाज यायला लागला, तो तिथे वायू पेटल्याचा. बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहिलं तर वाफेसारखं पांढुरकं काहीतरी, निळसर-राखाडी धूर नाही. एक सांगायला हवं. पाइपावरचा तापमापक पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. एकेरी पत्र्याच्या पाइपात आतला धूर त्याच्या दीडपट-दुप्पट गरम असतो. त्यामुळे पृष्ठभाग १५० दाखवत असेल तर आत धूर क्रिओसोटच्या मर्यादेच्या बराच वर असतो.

दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरून पाहिली, धूर आत ओढला जात होता. निखारे उरल्यावर पहाटेही हीच परीक्षा केली, कारण खरा प्रश्न पहाटेचा होता. तेव्हाही धूर आतच गेला. कार्बन मोनॉक्साइडचे नवे अलार्म दोन्ही मजल्यांवर, झोपायच्या खोल्यांजवळ लावले. वरच्या मजल्यावरचा जुना अलार्म मुदत संपलेला निघाला. त्याची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते आणि ती कुणी बघत नाही.

घरातल्या माणसांचा भाग

दार उघडायच्या आधी डॅम्पर उघडायचा, हा एक नियम सगळ्यांना पाठ करावा लागला. काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने, तो सर्वांत आधी आत्मसात केला. त्यांनी आयुष्यभर चूल सांभाळलेली, धुराची दिशा त्यांना नुसतं बघून कळते. मला म्हणाल्या, “अरे, तुमच्या त्या मुठीवर लिहा तरी, उघडं कुठे नि बंद कुठे. पाहुण्याला काय कळतंय?” मुठीच्या दोन जागांवर पितळी पट्ट्या ठोकून त्यावर ‘उघडा’ आणि ‘बंद’ कोरलं. शेजारचा अमेरिकन म्हातारा हिवाळ्यात घर सांभाळायला येतो, त्याच्यासाठी खाली बाण कोरले.

राहिलेलं

लाकडाचा प्रश्न सुटलेला नाही. ढलप्या नव्याने फोडून आतल्या बाजूला ओलावामापक टोचला तर अर्ध्या ढिगात २७ टक्क्यांच्या आसपास ओल निघाली. ती २० च्या खाली हवी. टोकाला टोचलं की मापक कमीच दाखवतो, कारण टोकं आधी वाळतात. म्हणून मित्राला आजवर लाकूड कोरडं वाटत होतं. ओला ढीग त्याने पुढच्या हिवाळ्यासाठी शेडमध्ये, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, असा रचून ठेवला आहे. या वर्षी विकतचं कोरडं लाकूड.

बाहेरच्या भिंतीवरचं धुराडं थंडच राहणार. त्यामुळे स्वीपला वर्षातून एकदाऐवजी दोनदा बोलवायचं ठरलं आहे, एकदा हंगामाआधी आणि एकदा जानेवारीच्या मध्यावर.

आणि मागच्या भिंतीचा तो तडा. त्याच्या दोन्ही टोकांना पंचने बारीक ठिपके मारले आहेत. दर उन्हाळ्यात स्टोव्ह साफ करताना तडा ठिपक्यांच्या पुढे गेलाय का ते पाहायचं. गेला, तर त्या वर्षी नवीन स्टोव्ह. त्यासाठी पैसे बाजूला काढायला वहिनींनी सुरुवात केली आहे.